एका गुआम्पाची सूट

टेबलावर सात फोन होते. चार काळे, दोन निळे, एक गुलाबी. तीन फोनांच्या काचा तडकलेल्या. सातही फोनांत लापाचो कंपनीचं सिम, कारण इव्हाते गावात दुसऱ्या कंपनीचा सिग्नल पोचतच नाही. खिडकीतून टॉवर दिसत होता आणि सातही पडद्यांवर सिग्नलच्या रेघा पूर्ण होत्या.

नेलिदा ओव्हेलारने अंगणातल्या कोंबडीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि तोच सातही फोनांवरून स्वतःला पाठवून पाहिला. सहा फोनांवर पांढरं वर्तुळ थोडंसं फिरलं आणि अडकून बसलं. गुलाबी फोनवरून व्हिडिओ नऊ सेकंदांत आला.

"हा कोणाचा?"

"माझा," ग्रिसेल्दा म्हणाली. ती गावच्या शाळेतली शिक्षिका. खांद्यावर तान्हं मूल होतं. "बाळंतपणाला महिनाभर राजधानीत, आसुन्सिओनला होते. काल रात्रीच आले."

"फोन नवीन आहे?"

"छे! यांच्या सगळ्यांपेक्षा जुना."

घराची मालकीण मार्सियाना चुलीपाशी उभी होती. पदराला हात पुसावेत तशी ती एप्रनला हात पुसत होती, पण हात केव्हाचे कोरडे झाले होते.

"म्हणजे चूक माझी नव्हती, बाई?" तिने विचारलं. "मला वाटलं, मलाच पाठवता येत नाही. इस्पितळातल्या बाईंना मी दोनदा सांगितलं, माफ करा, मी अडाणी आहे."

तिची मुलगी येरुती दारात बसली होती. नऊ वर्षांची. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी. सान हुआनच्या जत्रेत, तीन आठवड्यांपूर्वी, पेटत्या चेंडूने हात भाजला होता. घासलेटात भिजवलेल्या चिंध्यांचा तो चेंडू दरवर्षी पोरं-बाप्ये लाथाडतात. यंदा तो रिंगणाबाहेर उडाला.

राजधानीच्या इस्पितळाने सांगितलं होतं, दर आठवड्याला पाच तासांचा बसप्रवास नको, हात उघडता-मिटतानाचा व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ एकदाही गेला नाही. फोटो जात होते. फोटोत कातडी चांगली भरून येत होती. बोटं मिटतात की नाही, हे फोटोत दिसत नाही.

"तक्रार केली होती ना?" नेलिदाने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"तीनदा. उत्तरं पण आली." मार्सियानाने फोन पुढे केला. "हे बघा. फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. तीनदा तेच. मी रोज दहा वेळा बंद करून सुरू करत होते. पण पोरगी भली असणार. दर वेळी 'आपली नम्र' लिहिते. नेलिदा की कोण."

नेलिदाने गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. आल्यापासून तिने फक्त "कंपनीकडून आले" एवढंच सांगितलं होतं. इस्पितळातून कोणीतरी थेट कंपनीत फोन करून झापलं नसतं, तर चौथं "आपली नम्र"ही गेलं असतं.

"आधी हे करू," ती म्हणाली. ग्रिसेल्दाचा फोन घेऊन ती येरुतीसमोर बसली. "पट्टी सोड, राजा. दोन्ही मुठी मिट. उघड. पुन्हा मिट."

उजवी मूठ मिटली नाही. येरुतीने नेलिदाकडे पाहिलं, आणि आपणच काहीतरी चुकवलं असं वाटून ती हसली.

व्हिडिओ इस्पितळाला गेला. लगेच उत्तर आलं: मिळाला. उद्या कोन मोजून कळवते.

*

अंगणात जाऊन नेलिदाने साहेबांना व्हिडिओवर गाठलं. इंजिनियर आतिलिओ बेनेगास जाळ्याच्या सगळ्या मर्यादांचे प्रमुख. कोणत्या ग्राहकाला किती वेग, कोणाला कुठे थोपवायचं, हे त्यांच्या खात्यात ठरे. पाच वर्षांपूर्वी विद्यापीठातून आलेल्या नेलिदाला त्यांनीच घडवलं होतं.

"मी गाडीत आहे, ऑफिसला निघालोय. बोल, पोरी."

त्यांचा चेहरा चौकोनांत फुटला आणि थिजला. आवाज तेवढा येत राहिला.

"इंजिनियर, तुम्ही दिसत नाही."

"तुझ्या इव्हातेचं नेटच तसलं. तू मात्र छान दिसतेस. मागची कोंबडीसुद्धा दिसते."

तिने सगळं सांगितलं. भाजलेली मुलगी, इस्पितळ, अडकलेले व्हिडिओ.

"हॅलो?"

"ऐकतोय. फोटो तरी जातात ना?"

"जातात."

"हं. टॉवरचा दोष असणार. तिकडचा तंत्रज्ञ कोण, रुफिनो ना? त्याने काहीतरी उचापत करून ठेवली असेल. त्या माणसाला काढायलाच हवं."

"टॉवरचा दोष असता, तर शिक्षिकेचा फोनही अडकला असता. एकाच टेबलावर होते सगळे."

"नेलिदा," ते मऊ आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी ये. बसून बोलू."

*

परतीच्या बसमध्ये चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकणारी म्हातारी चढली. डोक्यावर टोपली, टोपलीवर पांढरं फडकं. नेलिदाच्या गळ्यातली, कंपनीचं नाव असलेली ओळखपत्राची पट्टी पाहताच ती तिच्या शेजारीच टेकली.

"लापाचो? अगं बये, तुझ्या कंपनीला शिव्या देऊन माझी जीभ झिजली. घे चिपा. गरम आहे. तुझ्यावर राग नाही."

"काय झालं, न्या?" गावाकडच्या थोरल्या बायकांना असंच हाकारतात.

"न्या देओलिंदा म्हण. पाठवायला गेलं की काही जात नाही. लेक ब्वेनोस आयरेसला असते. तिच्या पोराला गाणं म्हणून दाखवते मी रोज. आता तोंड उघडलं की तिकडे माझा पुतळा होतो. नातू म्हणतो, आजी, तू बंद पडलीस!"

"तो तुम्हाला दिसतो?"

"तो दिसतो की. नाकातलं बोटसुद्धा दिसतं."

"कुठे राहता? इव्हातेला?"

"कशाला? मी कोरोनेलची. इथून दोन तास."

"तिथेही अडतं?"

"तिथे अडतं, बसमध्ये अडतं, आसुन्सिओनला गेले तिथेही अडलं. मी फोन बदलला. सिम तेच टाकलं. तरी अडतंय."

नेलिदाचा घास हातातच राहिला. म्हणजे दोष टॉवरला चिकटलेला नव्हता. तो ग्राहकाला चिकटला होता आणि ग्राहक जाईल तिथे त्याच्यासोबत जात होता.

"केव्हापासून?"

"सान हुआनपासून."

"त्या दिवशी कुठे होतात?"

"धंद्याला, इव्हातेच्या जत्रेत. आयुष्यात एकदाच गेले त्या गावात. आणि ते पोरीचं तसलं झालं. टोपली टाकून मीच तिच्या हातावर पाणी ओतलं." म्हातारीने फडकं सारखं केलं. "लाथ मारणारा तोंडाला काळं फासलेला होता. चेंडू खेळणारे सगळेच असतात काळे, त्यात काय कळणार. पण बाकीचे पोरीकडे धावले आणि तो उलटा धावला. एवढं पाहिलं मी."

*

दुसऱ्या दिवशी नेलिदा साराचो बाईंपुढे बसली. लूर्देस साराचो ग्राहकांच्या मर्यादांची यंत्रणा सांभाळत. तोंडाने फटकळ. ऑफिसात त्यांना सगळे टरकून असत.

"आलेख दाखवा, बाई. न्या देओलिंदाचा. तिची परवानगी घेतली आहे."

साराचोंनी पडद्यावर रेघ काढली. खाली येणारी वाहतूक डोंगरासारखी खालीवर होत होती. वर जाणारी मात्र जराशी उसळून पुढे सुरीने कापल्यासारखी सपाट होती.

"ही गर्दी नव्हे," साराचो म्हणाल्या. "गर्दी अशी सपाट नसते. ही मर्यादा आहे. कोणीतरी हाताने बसवलेली."

"फक्त पाठवण्यावर."

"हो. पाहायला मोकळीक, पाठवायला बंदी. चोराच्या मनात चांदणं! कुणाला तरी भीती होती की काहीतरी बाहेर जाईल."

"किती ग्राहकांवर आहे?"

"एकशे अठरा."

"आणि सान हुआनच्या संध्याकाळी इव्हातेच्या मैदानाकडे तोंड असलेल्या अँटेनावर किती फोन होते?"

साराचोंनी बोटं चालवली, पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"एकशे अठरा. तेच ते, ना एक कमी ना एक जास्त. नावं पाहायची तर बेनेगासची सही लागेल."

"नावं नकोत. मर्यादा बसवू शकणारे कितीजण?"

"तिघं. मी, बेनेगास आणि त्या विभागाचा रुफिनो. तिघांचं देखभालीचं खातं एकच, म्हणून कोणी केलं ते यंत्र सांगणार नाही. हे खातं वेगळं करा म्हणून मी चार वेळा ओरडले आहे, तू साक्षीदार आहेस."

"मर्यादा नेमकी कशी आहे?"

"सोळा किलोबिट. काही जाणार नाही एवढी बारीक धार. पण…" साराचो थांबल्या. "पहिले तीनशे किलोबाइट मोकळे सोडलेत."

नेलिदाला पाच वर्षांपूर्वीचा गच्चीवरचा पहिला दिवस आठवला. नव्या पोरांचा गोल, मध्ये बर्फाचं पाणी भरलेला जग, आणि हातोहात फिरणारा गुआम्पा, तेरेरेचा, म्हणजे पानांच्या थंड चहाचा, गाईच्या शिंगाचा पेला. बेनेगास पेला भरून देत होते आणि शिकवत होते: जगाच्या तोंडातून पडते ती धार म्हणजे वेग. पण गुआम्पा भरलेला असेल तर माणूस तो एका दमात पिऊ शकतो. मग पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. कोणालाही थोपवा, पण एक गुआम्पा सूट ठेवा. म्हणजे फोटो जाईल, आवाजातला निरोप जाईल. माणूस अगदी तोडायचा नाही.

"तुम्ही मर्यादा घालता तेव्हा अशी सूट ठेवता?" तिने हळूच विचारलं.

"मी? मी दार लावलं की कडी घालते. फट ठेवत नाही." साराचोंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "का गं, पांढरी का पडलीस?"

*

दहा वाजता नेहमीप्रमाणे गच्चीवर गोल बसला. हवेत गारवा होता, तरी तेरेरे चुकत नसे. बेनेगासांच्या मांडीवर जग, शेजारी एक टाइप केलेलं पत्र. आठ-दहा जण जमले होते. रुफिनो आयालाला इव्हातेच्या बाजूहून बोलावून घेतलं होतं. तो गोलाबाहेर, टोपी हातात धरून उभा होता.

बेनेगासांनी पहिला गुआम्पा नेलिदाला दिला. ती प्यायली, तो परत केला आणि म्हणाली, "धन्यवाद."

गोलात धन्यवाद म्हटलं की आपलं पिणं संपलं. पुढच्या फेरीत आपल्याला विचारत नाहीत.

"एवढ्यात?" बेनेगास हसले. "पहिलीच तर फेरी."

"पुरे झालं, इंजिनियर."

त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी पत्र उचललं. "इव्हातेच्या प्रकाराबद्दल सांगतो. देखभालीच्या खात्यातून चूक झाली आहे. रुफिनोला आपण कामावरून मोकळं करतोय. मर्यादा आज दुपारी काढू."

"माझ्याकडून?" रुफिनो म्हणाला. "आईशप्पथ, मी त्यातलं काही उघडूनसुद्धा पाहिलं नाही. मला खांबावर चढता येतं, साहेब, तेवढंच."

"सान हुआनला कुठे होतास?" नेलिदाने विचारलं.

"कोरोनेलच्या टॉवरवर. वीज पडली होती. पहाटेपर्यंत तिथेच होतो."

"वायफाय बंद कर. काल काढलेला कुठलाही व्हिडिओ मला पाठव."

रुफिनोने बावरून बकऱ्यांचा एक लांबलचक व्हिडिओ पाठवला. नेलिदाचा फोन वाजला. गेला.

"साराचो बाई, तुम्ही."

"माझ्याकडे कुत्र्याशिवाय काही नाही." साराचोंनी कुत्रा पाठवला. गेला.

"आता तुम्ही, इंजिनियर."

जगातला बर्फ किणकिणला.

"हा काय पोरखेळ लावलाय, नेलिदा?"

"वीस सेकंदांचा कुठलाही. वायफाय बंद करून. काल इव्हातेत मला तुम्ही दिसला नाहीत आणि तुम्ही टॉवरला दोष दिलात. पण तिथे खाली येणारं सगळं नीट येतं. माझी कोंबडीही तुमच्यापर्यंत नीट आली. अडलं होतं ते फक्त तुमच्याकडून निघणारं. आज टॉवर आपल्याच छपरावर आहे. पाठवा."

बेनेगासांनी फोन काढला. आपल्याच गच्चीचं, जगाचं, कुंडीतल्या पुदिन्याचं चित्रण केलं आणि पाठवलं. फोन त्यांनी गोलाच्या मध्यभागी ठेवला. पांढरं वर्तुळ थोडंसं फिरलं आणि अडकलं.

सगळे त्या वर्तुळाकडे पाहत राहिले. नेलिदाला कुठे पाहावं कळेना. ती गुआम्पाकडे पाहत बोलू लागली.

"मर्यादा फक्त पाठवण्यावर होती. म्हणजे बसवणाऱ्याला कशाची तरी चित्रं बाहेर जाण्याची भीती होती. ती ज्या एकशे अठरा जणांवर होती, ते सगळे त्या संध्याकाळी त्याच मैदानावर होते. चिपावाली म्हातारी गावची नाही, तरी तिच्यावर होती. शिक्षिका गावची, पण त्या दिवशी नव्हती, म्हणून ती सुटली. तेव्हा भीती जत्रेचीच. जत्रेत चेंडू लाथाडणारा एकजण मुलीकडे न धावता उलटा पळाला. मर्यादा बसवू शकणारे तिघं, आणि तिघांपैकी मैदानावर होता त्याचाच फोन आज अडतोय. शिवाय मर्यादेत एक गुआम्पा सूट आहे. साराचो बाई ती ठेवत नाहीत, रुफिनोला ती येत नाही. आम्हाला ती शिकवली एकाच माणसाने. आणि काल मी फक्त व्हिडिओ अडतात असं सांगितलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, फोटो तरी जातात ना."

बेनेगासांनी पत्राची घडी घातली. मग त्या घडीची घडी.

"माझा जन्म इव्हातेजवळचा," ते म्हणाले. "तीस वर्षांनी गेलो. तोंडाला काळं फासलं की कोणी इंजिनियर नसतं, म्हणून गेलो. लाथ बसली, चेंडू उडाला. ती लाथ खेळातली होती. पळालो ते खेळातलं नव्हतं. गाडीत बसलो, हाताला राख तशीच, आणि तिथूनच बसवली मर्यादा. वाटलं, तीन-चार आठवड्यांत फोन भरतील, लोक जुने व्हिडिओ पुसतील."

"स्वतःवर का बसवली?" साराचोंनी विचारलं. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"एक नंबर वगळला असता तर तोच उठून दिसला असता." ते थांबले. "हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे वगळायला हात धजला नाही."

"मुलीचा व्हिडिओ अडतोय, हे काल मी सांगितलं," नेलिदा म्हणाली. "काल का नाही काढलीत?"

"कुणाच्या नावावर काढू, ते ठरवत होतो."

रुफिनोने टोपी डोक्यावर घातली आणि जिना उतरून गेला. बेनेगास त्याला हाक मारणार होते, पण त्यांनी मारली नाही.

"फोटो जात होते ना," ते नेलिदाला म्हणाले. "मी मुद्दाम जाऊ दिले होते. मला वाटलं, त्यात सगळं भागतं."

"मलाही वाटलं होतं, बंद करून सुरू केलं की भागतं," नेलिदा म्हणाली. "तीनदा लिहिलं मी तिला. तिला फोन करून विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी अर्ध्या मिनिटात तक्रार मिटवत होते."

*

साराचोंनी मर्यादा काढली. दुपारपर्यंत जत्रेचे अडकलेले व्हिडिओ बाहेर पडू लागले. लोकांनी आपणहून नेलिदाकडे पाठवलेले तिने एकेक पाहिले. ज्वाला, धूर, किंचाळ्या, काळे पाय. एकाही व्हिडिओत बेनेगासांचा चेहरा नव्हता.

बेनेगास तेव्हा इव्हातेच्या बसमध्ये होते. साराचो बाई शेजारी बसल्या होत्या. ते वाटेत उतरू नयेत म्हणून, असं त्या म्हणाल्या.

नेलिदाने मार्सियानाला निरोप लिहिला. चूक तुमची नव्हती. चूक कंपनीच्या माणसाची होती, तो तुमच्याकडे यायला निघालाय, त्याला दारात उभं करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि फोन बंद करून सुरू करा असं लिहिणारी, काल तुमच्या टेबलाशी बसून नाव लपवणारी, मीच. खाली सही करताना तिने "आपली नम्र" लिहिलं, खोडलं, आणि नुसतं नाव ठेवलं.

तो निरोप जातो न जातो तोच इस्पितळाचा आला.

येरुती. उजवा हात, मधलं बोट, वळण: अडतीस अंश. डावा हात, तेच बोट: नव्वद.